२७९ रुग्ण, १८ गावं आणि न सापडलेला विषाणू

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. जिल्हा बुलढाणा, तालुका शेगाव. बाधित गावं १८, बाधित माणसं २७९. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, दुसऱ्या दिवशी केस हातात, तिसऱ्या दिवशी टक्कल, असा क्रम गावकरी सांगत होते. बोंडगाव, कालवड आणि हिंगणा या गावांतून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी बाहेर आली तेव्हा आकडा पन्नासच्या आसपास होता. आठवडाभरात तो शंभरापर्यंत पोचला, नवनवी गावं जोडली जाऊ लागली आणि शेवटी २७९ वर थांबला. तोवर वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं होतं. विषाणू तेव्हा कुणाला सापडलेला नव्हता, नंतरही सापडला नाही.

नाव पडलं की लोक त्याप्रमाणे वागतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी घराबाहेर पडणं सोडलं. ठरलेली लग्नं फिसकटल्याच्या बातम्या आल्या. अनेकांनी उरलेले केसही काढून मुंडण करून घेतलं. संसर्गाची भीती गावाच्या वेशीबाहेर गेली आणि या गावांतल्या माणसांकडे लोक संशयाने पाहू लागले. ज्यांचं आधीच नुकसान झालं होतं त्यांच्यावर हा वरचा बोजा पडला, आणि तो टाळता येण्याजोगा होता असं माझं स्पष्ट मत आहे. रोग कोणता हे प्रयोगशाळा सांगते. तो माणसाकडून माणसाकडे जातोय का, हे मात्र बरंचसं मोजणीतूनच कळतं, आणि ती मोजणी प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी, गावातच, वही-पेन घेऊन करता येते.

आकडा वाढला म्हणजे रोग पसरला का?

तीन गावांवरून अठरा गावं, पन्नासवरून २७९. वरवर पाहता हा पसरणाऱ्या साथीचा आलेख वाटतो. पण हे आकडे नोंद झाल्याच्या दिवसाचे आहेत, केस गळायला लागल्याच्या दिवसाचे नाहीत. आरोग्य पथक ज्या दिवशी गावात पोचलं त्या दिवशी गावाचा आकडा पुढे आला. तपासणारे वाढले की सापडणारे वाढतात. म्हणून साथीच्या तपासात पहिला प्रश्न असा असतो: तुम्हाला त्रास नक्की कोणत्या दिवशी सुरू झाला? ती तारीख प्रत्येकाकडून घ्यायची, आडव्या रेषेवर दिवस आणि उभ्या रेषेवर माणसं मांडायची. त्या आकृतीचा आकारच बरंच काही बोलतो.

याच जिल्ह्यातली दुसरी दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ते स्पष्ट होतं.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशी होती. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहाच्या कार्यक्रमात भगर आणि आमटीचा प्रसाद वाटला गेला. रात्रीतून शेकडो लोकांना उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना. रुग्णांना रस्त्यावर झोपवून, झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवलेलं दृश्य सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ही घटना कागदावर मांडली तर एकच उंच खांब उभा राहील: शेकडो माणसं, काही तासांच्या आत. इतक्या कमी वेळात एका माणसाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला असा कोणताही जंतू जाऊ शकत नाही. सगळ्यांनी एकच गोष्ट खाल्ली, एवढाच निष्कर्ष निघतो, आणि तो पहाटेच्या आत काढता येतो.

दुसरं उदाहरण २०२० चं. २८ मार्चला बुलढाण्यात कोरोनाचा जिल्ह्यातला पहिला मृत्यू झाला आणि तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतरच्या दिवसांत त्या रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांचे अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले. इथे आकृती लाटांची. कोरोनाच्या सुरुवातीच्या रूपात एकाला लक्षणं दिसल्यापासून त्याने बाधित केलेल्याला लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाचेक दिवस जायचे. गोवरात हे अंतर साधारण दोन आठवड्यांचं असतं, आणि लस न घेतलेली शंभर मुलं गोवराच्या रुग्णाच्या निकट संपर्कात आली तर त्यांतल्या नव्वदच्या आसपास मुलांना तो होतो. म्हणजे संसर्गजन्य रोगाला स्वतःची चाल असते. पहिला रुग्ण, ठराविक दिवसांचं अंतर, मग दुसरी फळी, पुन्हा तेवढंच अंतर, मग तिसरी.

शेगावच्या गावांत ना काही तासांचा खांब होता, ना ठराविक अंतराच्या लाटा. काही आठवड्यांत पसरलेला, मधे फुगलेला आणि मग ओसरलेला असा तो प्रकार होता. असा आकार तेव्हा मिळतो जेव्हा कारण सर्वांचं एकच असतं, पण ते रोज थोडं थोडं पोटात जात असतं आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्याचा परिणाम दिसायला कमी-जास्त दिवस लागतात. म्हणजे पाणी किंवा अन्न.

शेकडा किती?

२७९ हा आकडा सगळीकडे छापला गेला. पण कितींपैकी २७९? सरासरी काढली तर गावामागे साडेपंधरा रुग्ण येतात. हिशेबापुरती प्रत्येक गावाची वस्ती दीड हजार धरू. अठरा गावांत २७,००० माणसं, त्यात २७९ बाधित. म्हणजे शंभरात एक.

हा एक टक्का फार बोलका आहे. घरटी पाच माणसं धरली तर या गावांत ५,४०० घरं होतात. रोग योगायोगाने कुणालाही होत असता तर एकाच घरात दोन किंवा जास्त रुग्ण असलेली घरं जेमतेम पाच-सहा निघायला हवीत. प्रत्यक्षात एकाच घरात एकाहून अधिक जणांचे केस गेल्याच्या बातम्या येत होत्या. अशी घरं पंचवीस-तीस निघाली तर त्या घरांत काहीतरी सामायिक आहे हे नक्की झालं. मग पुढचा प्रश्न विचारायचा: घरातल्या दोघांचे केस एकाच आठवड्यात गेले की एकाचे गेल्यावर काही दिवसांनी दुसऱ्याचे? एकाच वेळी गेले असतील तर ताटातलं किंवा माठातलं काहीतरी. मागेपुढे आणि ठराविक अंतराने गेले असतील तर अंगावरून अंगावर, कंगव्यावरून, उशीवरून.

आशाताईकडे घरांची यादी असते, माणसांची नावं-वयं असतात. त्या यादीत दोनच रकाने वाढवायचे: केस कोणत्या तारखेला गळायला लागले, आणि ज्यांचे गळले नाहीत ते काय वेगळं खातात-पितात. हा दुसरा रकाना नेहमी विसरला जातो. बाधितांना सगळे प्रश्न विचारले जातात, पण त्याच गल्लीतल्या, त्याच वयाच्या, केस शाबूत असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. खरं तर कारण कळतं ते या दोघांतल्या फरकातून. दोघंही एकाच टाकीचं पाणी पितात आणि एकाचेच केस जातात, तर पाण्यावरचा संशय तिथेच अर्धा होतो.

त्याच महिन्यात पुण्यात काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गीयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. हा आजार वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत आहे. त्यामुळे एका भागात काही दिवसांत वीस-पंचवीस रुग्ण दिसताच धोक्याची घंटा वाजली. पुढे हा आकडा दोनशेवर गेला. जीबीएस स्वतः लागट नाही, पण तो ज्या जंतूंच्या पाठोपाठ येतो त्यातला कॅम्पिलोबॅक्टर दूषित पाण्या-अन्नातून जातो, म्हणून तपास लगेच पाण्याच्या टाक्या आणि विहिरींकडे वळला. नेहमीचं प्रमाण ठाऊक असलं की विपरीत काय ते पटकन ओळखता येतं.

केस गळण्याचं नेहमीचं प्रमाण कोणत्याच सरकारी तक्त्यात नाही. देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. उपकेंद्रातली कर्मचारी लक्षणांवरून, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर निदानाच्या अंदाजावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून, अशा तीन पातळ्यांवर नोंद होते. २०२१ पासून हे काम नव्या संगणकीय पोर्टलवर गेलं. ताप, खोकला, जुलाब, कावीळ, अचानक आलेला लुळेपणा यांना रकाने होते, आणि वेगळ्याच लक्षणांसाठीही एक होता. पण तो मूळच्या कागदी तक्त्यात मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेला होता. केस गेल्याने कुणी मरत नाही आणि कुणी दाखलही होत नाही. शंभर माणसांचं टक्कल अशा तक्त्याच्या जाळीतून अलगद निसटू शकतं. त्यामुळे या गावांकडे यंत्रणेचं लक्ष वेधलं ते गावकऱ्यांच्या ओरड्याने आणि बातम्यांनी.

बुरशी, पाणी, गहू

पहिला संशय बुरशीवर गेला. टाळूच्या त्वचेचे तुकडे तपासणीला पाठवले गेले. डोक्याची बुरशी, म्हणजे गजकर्णाचाच प्रकार, हा खरोखर लागट रोग आहे आणि कंगवा, टोपी, वस्तऱ्यावरून पसरतो. पण तो बहुतेक करून वयात न आलेल्या मुलांना होतो, गोल चट्टे पडतात, कोंड्यासारखी खपली धरते, केस मुळाजवळ तुटतात आणि हे सगळं व्हायला आठवडे लागतात. तीन दिवसांत डोकं मोकळं करणारी बुरशी वैद्यकाला माहीत नाही. लहान मुलांपेक्षा तरुण मुलं-मुली आणि मोठी माणसंच जास्त दिसत असतील तर बुरशीचा संशय तिथेच मागे पडायला हवा होता.

दुसरा संशय पाण्यावर, आणि तो स्वाभाविक होता. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली ८९४ गावं या पट्ट्यात धरली जातात. जमिनीखालचं पाणी खारट, क्षार भरमसाट, आणि संग्रामपूर-जळगाव जामोद भागात किडनीच्या रुग्णांबद्दल वर्षानुवर्षं ओरड आहे. शेगावच्या गावांतल्या नमुन्यांतही नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त निघाले. पण खारपाणपट्टा आज झालेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पिणाऱ्यांचे केस नेमके डिसेंबर २०२४ मध्येच का जावेत, याचं उत्तर पाण्याकडे नव्हतं. काय बदललं, हा प्रश्न काय वाईट आहे या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. तपासात बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर हाताशी असतं म्हणून पहिला विचारलाच जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं जानेवारीच्या मध्यावर गावांत पोचली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे नमुने गेले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर स्वतःच्या खर्चाने या प्रकरणात उतरले. विंचूदंशावरचं त्यांचं काम मराठी वाचकांना ठाऊक आहे: प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आणले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मूळचे बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्याचे. त्यांनी गावकऱ्यांच्या घरातला गहू ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि त्यात सेलेनियम हे खनिज मूलद्रव्य शोधलं. हा रेशनवरचा, पंजाब-हरियाणाकडून आलेला गहू असल्याचं त्यांनी सांगितलं.

आता त्यांचे आकडे सावकाश वाचू, कारण ते नुसते धक्का बसण्यासाठी छापले गेले, वाचले फारसे गेले नाहीत.

न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. धुतलेल्या गव्हात १३.६१. फरक ०.९१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे सहा टक्के. सेलेनियम दाण्यावर धुळीसारखं बसलेलं असतं, कुणी फवारलेलं किंवा गोदामात सांडलेलं असतं, तर धुतल्यावर यापेक्षा खूप जास्त उतरलं असतं. ९४ टक्के आत राहिलं याचा अर्थ ते दाण्यात आहे, आणि दाण्यात ते मुख्यतः मुळांवाटे जमिनीतून येतं. एका धुण्याच्या प्रयोगाने भेसळीचा आणि दाण्यावरच्या फवारणीचा संशय जवळपास संपतो.

स्थानिक गव्हाच्या ६०० पट, असंही त्यांनी सांगितलं. १४.५२ ला ६०० ने भागलं तर ०.०२४ मिलिग्रॅम येतं. आपल्याकडच्या जमिनीतल्या गव्हात सेलेनियम असंच अत्यल्प असतं, तेव्हा हा आकडा पटण्याजोगा आहे. काही बातम्यांत मात्र किलोमागे १.९ मिलिग्रॅम ही ‘नेहमीची’ पातळी म्हणून छापली गेली. तिने वाचकाची दिशाभूल होते. १.९ चा गहू रोज ३०० ग्रॅम खाल्ला तर ५७० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाईल. माणसाची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे आणि प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा ४००. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. म्हणजे ‘नेहमीची’ म्हणून दिलेली पातळीच रोजच्या पोळ्यांसाठी जास्त आहे.

१४.५२ च्या गव्हाचा हिशेब करू. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे बदलतं. माणशी ३ किलो गहू धरला तर रोजचा १०० ग्रॅम पडतो. १०० ग्रॅममध्ये १,४५२ मायक्रोग्रॅम सेलेनियम, म्हणजे कमाल मर्यादेच्या साडेतीन पटीहून जास्त. घरातला कष्टाचं काम करणारा माणूस ३०० ग्रॅम खात असेल तर ४,३५६ मायक्रोग्रॅम, जवळपास अकरा पट.

इतकं सेलेनियम रोज गेलं तर काय होतं, हे चीनने १९६० च्या दशकात पाहिलं आहे. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखं गळू लागली. भाताचं पीक बुडाल्यामुळे लोकांना सेलेनियमयुक्त जमिनीतला मका आणि भाजीपाला जास्त खावा लागला होता. त्या जमिनीत सेलेनियम आलं होतं दगडी कोळशातून. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच गावांत २४८ माणसं राहत होती आणि त्यांतली जवळपास निम्मी आजारी पडली. त्यांच्या रोजच्या आहारातलं सेलेनियम सरासरी ४.९९ मिलिग्रॅम निघालं, किमान ३.२० आणि कमाल ६.६९. आपला ३०० ग्रॅमचा हिशेब ४.३६ मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे अगदी त्याच पट्ट्यात. चिनी संशोधकांनी पुढे दाखवलं की रोज ९१० मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम जाऊ लागलं की पहिली लक्षणं दिसू शकतात. शंभर ग्रॅमचा हिशेबही ती रेषा ओलांडतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. २००८ मध्ये तिथे एका पातळ पूरक औषधात चुकून लेबलवर लिहिलेल्याच्या २०० पट सेलेनियम गेलं. दहा राज्यांत २०१ जणांना बाधा झाली. त्यांत ७८ टक्क्यांना जुलाब, ७२ टक्क्यांचे केस गळले, ६१ टक्क्यांची नखं रंग बदलून ठिसूळ झाली. तीन महिने उलटल्यावर केसांची तक्रार २९ टक्क्यांत उरली होती, नखांची मात्र ५२ टक्क्यांत. म्हणजे सेलेनियमच्या विषबाधेत केस आधी जातात आणि आधी सावरतात, नखं मागून जातात आणि रेंगाळतात.

शेगावात नेमका हाच क्रम दिसला. जानेवारीत केस, आणि एप्रिल २०२५ मध्ये चार गावांतल्या सुमारे तीस जणांची नखं वेडीवाकडी होऊन गळू लागली. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळाशी डिसेंबरात झालेली इजा नखाच्या मध्यावर यायला वसंत उजाडतो. एप्रिलमध्ये पुन्हा ‘नवा आजार’ अशा बातम्या आल्या, पण हा जुन्याचाच दुसरा अंक होता, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीही सेलेनियमचीच शक्यता बोलून दाखवली. केस गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी नखं टाकायला लावणारा संसर्गजन्य रोग सहसा दिसत नाही. बुरशी नखांनाही होते, पण ती एखाद-दुसऱ्या नखापासून सुरू होऊन वर्षानुवर्षं चालते.

बावसकरांनी रुग्णांच्या शरीरातलं सेलेनियमही मोजलं: रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. लघवीतला आकडा शरीर आत्ता काय बाहेर टाकतंय ते सांगतो, रक्तातला गेल्या काही आठवड्यांचा, आणि केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढत असल्याने ते महिनोन्‌महिन्यांची नोंद धरून ठेवतात. तिन्ही वाढलेले असणं म्हणजे सेलेनियम काही काळ सातत्याने जात होतं. रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचंही त्यांनी नोंदवलं.

पंजाबातल्या होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर, म्हणजे जुन्या नवांशहर जिल्ह्यातल्या काही गावांच्या जमिनीत सेलेनियम भरपूर आहे. शिवालिकच्या टेकड्यांवरून पुराच्या पाण्याबरोबर आलेल्या गाळाने ते तिथे साचलं असं मानतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ अनेक दशकं त्यावर लिहीत आले आहेत. तिथली जनावरं खुरं आणि शिंगं टाकतात, माणसांचे केस-नखं जातात, हे सगळं छापील आहे. हा पट्टा काही हजार एकरांचा, पंजाबच्या एकूण गव्हापुढे नगण्य. साधारणपणे त्याचा गहू इतर गव्हात मिसळून विरून जातो. अडचण होते ती अशी काही पोती न मिसळता एकाच दिशेला गेली तर.

आणि इथेच तो एक टक्का पुन्हा समोर येतो. एन्शीत निम्मं गाव बाधित होतं, इथे शंभरात एक. सगळ्या गावाला रेशनचा गहू मिळत असेल तर उरलेल्या ९९ जणांचं काय? सेलेनियमचा निष्कर्ष मला पटतो, तरी हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तरं अनेक असू शकतात. सगळी पोती सारखी नसतील. काही घरं रेशनचा गहू विकून बाजारातला घेतात, काही ज्वारीची भाकरीच खातात, काही दोन्ही मिसळून दळतात. ज्याच्या अंगात जस्त कमी त्याला झळ आधी बसत असेल. यातलं कोणतं खरं हे ठरवायला शंभर बाधित आणि दोनशे अबाधित घरांतून प्रत्येकी मूठभर गहू गोळा करून मोजला की पुरतं. ज्या घरात सेलेनियम जास्त त्या घरात टक्कल जास्त, अशी चढती पायरी दिसली तर वाद संपतो. पोत्यावर हंगामाची आणि खरेदी केंद्राची खूण असते, तीही त्याच वेळी लिहून घ्यायची.

निदान चुकलं की उपायही चुकतो, आणि चुकीचा उपाय निरुपद्रवी नसतो. बुरशी समजून मलम लावत राहिलं तर तोच गहू चालू राहतो. पाणी समजून टँकर लावला तरी तोच गहू चालू राहतो. विषाणू समजून लोकांना वेगळं ठेवलं तर विचारूच नका, वाळीत पडलेलं घर दुकानातून आणलेल्या त्याच पोत्यावर अवलंबून राहतं.

उलट बाजू: पसरतो, पण बातमी होत नाही

याच जिल्ह्यात एक रोग खराखुरा माणसाकडून माणसाकडे जातो आणि त्याची वाहिनीवर बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये भारतात क्षयरोगाचं प्रमाण वर्षाला लाखामागे १९५ नवे रुग्ण असं होतं. २०१५ मध्ये ते २३७ होतं, म्हणजे घट आहे. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५,८६,२५८. देशाची सरासरी जशीच्या तशी लावली तर वर्षाला पाच हजारांच्या आसपास नवे रुग्ण होतात, आठवड्याला ९७. हा जिल्ह्याचा प्रत्यक्ष आकडा नाही, सरासरीचा हिशेब आहे. पण त्या हिशेबाने दर तीन आठवड्यांना २७९ हून थोडे जास्तच होतात. जेवढ्या रुग्णांनी दिल्लीहून पथकं धावत आली तेवढे रुग्ण, दर तीन आठवड्यांना, वर्षभर.

उपचार न झालेला फुप्फुसाचा क्षयरुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांपर्यंत संसर्ग पोचवू शकतो. म्हणून ओळखायला लागणारा वेळ हाच इथे सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात ज्यांना खोकला, ताप, वजन घटणं अशी लक्षणं होती त्यांतले ६४ टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. बहुतेकांना तो त्रास दवाखान्यात जाण्याजोगा वाटलाच नाही. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा ४२.६ टक्के: सर्वेक्षणात सापडलेल्या इतक्या रुग्णांना विचारलेली लक्षणं नव्हती. छातीचा एक्स-रे काढला म्हणून ते सापडले, नुसतं ‘खोकला आहे का’ विचारून सुटले असते.

निदानाची साधनंही आकड्यांत पाहावीत. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट हे जंतूंची जनुकं ओळखणारं यंत्र शंभर-दीडशे जंतूंवरही पकडतं, दोन तासांत सांगतं, आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल का तेही त्याच वेळी कळतं. दोन्हींत पन्नास पटींचा फरक आहे. सूक्ष्मदर्शकात ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी गेलेला माणूस यंत्रात पॉझिटिव्ह निघू शकतो, आणि मधल्या काळात तो घरातल्यांबरोबर एकाच खोलीत झोपतो.

७ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ३४७ जिल्ह्यांत क्षयरोग शोधण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये दुप्पट, म्हणजे १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात सहा हजार. या मोहिमेतलं कळीचं साधन होतं हातात धरून नेता येणारं एक्स-रे यंत्र, जे थेट गावात जातं. रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला, लक्षणं असोत वा नसोत, त्यासमोर उभं करायचं. ज्यांना क्षय झालेला नाही असं तपासून ठरलं, त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं, पाच वर्षांखालची मुलं आधी. पहिला रुग्ण सापडला त्या दिवसापासून घरातला शेवटचा माणूस तपासला जाईपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा उपचाराच्या कार्डावर लिहिला जावा.